सतरा नंबरचं विरजण

खरं तर मला त्याच्या दुकानात जायचंच नव्हतं. मला जायचं होतं समोरच्या दुकानात. पण तिथे रांग लांबलचक, वरून पावसाची भुरभुर, आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीत सकाळीच निर्जंतुक करून कागदात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या. कागद भिजला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. म्हणून मी रस्ता ओलांडला आणि दिसलं त्या दुधाच्या दुकानात शिरले.

काउंटरमागे एक उंचेला तरुण पातेल्यावरची साय अगदी मन लावून बाजूला करत होता. मी हातमोजे चढवले, नळीचं झाकण उघडलं आणि दोन चमचे दही मागितलं. त्याने आधी हातमोज्यांकडे पाहिलं, मग नळीकडे, मग माझ्याकडे.

"तपासणीवाल्या का तुम्ही?"

"नाही. संशोधन करते. दह्यातल्या जिवाणूंवर."

"म्हणजे तपासणीच की."

मग मी माझं नेहमीचं भाषण एका दमात म्हणून टाकलं. घराघरांत आणि लहान दुकानांत वर्षानुवर्षं पुढे चालवलेली विरजणं मी गोळा करते. त्यातले जिवाणू वेगळे करते, ते ज्या पाण्यात वाढतात ते पाणी आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघते आणि त्या जिवाणूंची जनुकं वाचते. कॅन्सर म्हटल्यावर त्याचा हात थांबला. मला ते दिसलं होतं. पण मला वाटलं, माझ्या डोळ्यांकडे बघून थांबला असेल. स्वतःबद्दल माझे गैरसमज तेव्हा बरेच मोठे होते.

"चाळीस वर्षं झाली म्हणावं त्या विरजणाला," आतून आवाज आला. "एक दिवस मोडलेलं नाही. नीट लिहून घ्या."

आवाजामागून मावशी बाहेर आल्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, अंगात दोन स्वेटर, चेहरा उतरलेला, पण नजर अशी की दुधात पाणी असेल तर ते आपणहून वर यावं. दुकान त्यांचं. तो त्यांच्या बहिणीचा मुलगा, सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याकडेच वाढलेला. हे सगळं मावशींनीच मला पाच मिनिटांत सांगितलं. तेवढा वेळ तो खाली मान घालून स्वच्छ काउंटर पुन्हा पुन्हा पुसत होता.

मी नळीवर आकडा घातला, सतरा. समोरच्या दुकानातलं दही दुसऱ्या दिवशी जाऊन आणलं. त्याला नंबर मिळाला बावीस, कारण मधले चार मी वाटेतल्या घरांतून घेतले होते. हे नंबर ध्यानात ठेवा, माझ्या आयुष्याची बरीच उलथापालथ त्यांनी केली आहे.

त्यानंतर मी त्या दुकानात अधूनमधून जाऊ लागले. संशोधनासाठीच. दूध किती तापवता, विरजण किती कोमट असताना लावता, भांडं कुठलं, असे प्रश्न विचारायचे होते. ते एकदाच विचारता आले असते, पण मी दर आठवड्याला एक एक विचारला. तोही काही कमी नव्हता. एकदा म्हणाला, या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, अर्धं आज देतो. तो मला नळीबाई म्हणायला लागला. इकडे लॅबमध्ये मैत्रिणींनी त्यालाच सतरा नंबर करून टाकलं. मी बाहेर पडताना कुणीतरी हमखास विचारायचं, सतरा नंबरची वाढ कशी आहे? मी तोंड फिरवून चप्पल शोधायची.

मावशींना आतड्याचा कॅन्सर झाला होता, हे मला महिन्याभराने कळलं. ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि केमोचे सहा डोस ठरले होते, तीन तीन आठवड्यांनी एक. पहिल्या दिवशी त्याचा हात का थांबला ते तेव्हा उमगलं, आणि मला माझीच लाज वाटली.

"मग काय करतोय आमचा सतरा?" तो दर वेळी विचारायचा.

"एकदा केलेलं आम्ही धरत नाही," मी सांगायची. "तीनदा तेच आलं तर शाईने लिहायचं. तोवर पेन्सिलने."

"फारच कडक कारभार आहे तुमचा."

"दही एकदा चांगलं लागलं म्हणून तुम्ही दुकान काढाल का?"

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. दुसऱ्या गालाला खळी का नाही यावर मी नको इतका विचार केला होता.

आणि मग सतराने चमत्कार केला. त्याचं पाणी टाकलेल्या ताटलीत, एरवी तळाला चिकटून पसरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी सगळ्या आक्रसून, सुटून वर तरंगत होत्या. मी पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. तेच. मी शाईने लिहिलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी मोठ्या परिषदेत माझं नाव घातलं, अठरा दिवसांनी बोलायचं होतं. मी लॅबमधून जी निघाले ती तडक दुकानात. गिऱ्हाईकं होती, तरी मी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि सांगून टाकलं, तुमचा सतरा कॅन्सरच्या पेशी मारतो. तीनदा मारल्या.

 हातातलं झाकण त्याने उगाचच खाली ठेवलं, परत उचललं. डोळे भरून आले होते त्याचे. आत मावशी ऐकत होत्या, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

चार दिवसांनी तो लॅबच्या फाटकाशी उभा दिसला. मी त्याला दुकानाबाहेर प्रथमच पाहत होते. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, त्यामुळे मी क्षणभर खूश झाले. मग त्याचा चेहरा पाहिला.

मावशींनी केमो बंद करायचं ठरवलं होतं. चार झाले ते पुष्कळ झाले, म्हणाल्या. उलट्या, तोंड आलेलं, बोटांना मुंग्या... आणि घरच्या दह्यातच औषध असताना ती सुई हवी कशाला? दिवसाला तीन वाट्या खात होत्या. रक्तातल्या पेशी कमी असताना दुकानातलं उघडं दही खायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, तरीसुद्धा. पाचवा डोस दहा दिवसांवर होता.

"मला एकच सांगा," तो म्हणाला. "ते खरं आहे का?"

मी जराशी दुखावले. तीनदा आलंय, मी म्हणाले. पण ताटलीतल्या पेशी आणि माणूस यांत फार अंतर असतं, मावशींनी डोस घ्यायलाच हवा, हेही सांगितलं. ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा मात्र मी मिरवत होते.

तो थोडा घुटमळला. "एक विचारू? आमच्याकडे तांब्याची भांडी काळी पडली की आंबट दह्याने घासतात. लख्ख होतात. त्यात जिवाणूंचं काही कर्तृत्व नसतं, नुसता आंबटपणा. तुमच्या त्या पेशी... आंबटाने तर मेल्या नसतील?"

"तुला काय कळतं त्यातलं?" मी फटकन म्हणाले.

तुम्हीचं तू झालं ते असं, रागात.  फाटकावरचा पहारेकरी आभाळाकडे बघायला लागला.

"कळत नाही म्हणूनच विचारतोय," तो हळू म्हणाला. "तू सांग."

मी उत्तर न देता आत गेले आणि वही उघडली. उत्तर मला आधीच माहीत होतं. जिवाणू वाढले की त्यांचं पाणी आंबट होतं. ते पेशींवर टाकण्याआधी थेंबथेंब अल्कली घालून त्यातलं आम्ल मारायचं असतं. पहिल्या सोळा नमुन्यांना मी ते केलं होतं. सतराच्या वेळी अल्कलीची बाटली संपली होती. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'नवीन करायची, नंतर.' ते नंतर कधी उगवलंच नाही. आणि तीनही वेळा मी तेच साठवलेलं पाणी वापरलं होतं. चूक तीनदा केली की तीसुद्धा तीनदा सारखीच येते.

मी त्याच दुपारी नवीन बाटली केली. आम्ल मारलेलं पाणी एका ताटलीत, आणि दुसऱ्या ताटलीत जिवाणू कधी न वाढलेलं, नुसतं तेवढंच आंबट केलेलं पाणी. दोन दिवसांनी पाहिलं. पहिल्या ताटलीत पेशी सुखाने पसरल्या होत्या. नुसत्या आंबट पाण्यातल्या साफ मेल्या होत्या. म्हणजे माझ्या सतराने लिंबू पिळल्याइतकंच काम केलं होतं.

मी लॅबच्या जिन्यात बसून रडले. परिषदेसाठी, वर्षभराच्या मेहनतीसाठी, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्याच्या भरून आलेल्या डोळ्यांसाठी. सरांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, बोलायचं तर आहेच, हेच बोल. मग मी दुकानात गेले.

मावशी आत खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर दह्याची वाटी. तो दारात उभा राहिला. मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसले आणि सांगितलं. काही गाळलं नाही, बाटली संपली होती तेही सांगितलं.

मावशींनी चमचा वाटीत ठेवला. "म्हणजे माझं दही नुसतं आंबट?"

"दही उत्तम आहे, मावशी. औषध नाही एवढंच. चूक माझी आहे. मी घाई केली आणि तुम्हाला आशा लावली."

त्यांनी वाटीतला चमचा सरळ केला. मग म्हणाल्या, "तू नसतं सांगितलंस तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. मला त्या खुर्चीत परत बसायचं नव्हतं गं. भीती वाटते मला." हे म्हणताना त्यांचा आवाज इतका लहान झाला की दारातला तो पटकन पाठमोरा झाला.

मी त्यांचा हात धरला. पुढच्या वेळी मी सोबत येते, म्हणाले. मावशींनी मला खालून वर न्याहाळलं आणि वाटी माझ्या हातात दिली. "खा मग तू. मला डॉक्टरांनी मना केलंय."

पाचव्या डोसाच्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. मावशींना आत सलाईन लावलं आणि आम्ही बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. तो मावशींची पिशवी मांडीवर घेऊन, मी माझी वही घेऊन. त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला आणि माझं तोंड पाहून विचारलं, आता काय झालं?

झालं असं होतं की आदल्याच दिवशी जनुकांचा अहवाल आला होता. सतरा आणि बावीस यांची जनुकं शेजारी शेजारी लावली, तर अक्षरशः एकच. लाखो अक्षरांत बोटावर मोजण्याइतकाही फरक नाही. दोन वेगळ्या दुकानांची, वेगळ्या घराण्यांची विरजणं अशी एक निघणं शक्य नव्हतं. सरांच्या मते अर्थ सरळ होता, मी नळ्या चुकले, दोन्हींत एकच दही गेलं. आम्लाचा घोळ नुकताच घातलेली मुलगी नळ्यांचाही घालू शकते, आणि एक जोडी चुकली तर बाकीच्यांचा भरवसा काय? सगळे नमुने टाकून पहिल्यापासून सुरुवात. एक अख्खं वर्ष.

"मला आठवतंय की मी नळ्या नीट लावल्या होत्या," मी म्हणाले. "पण मला तर बाटलीचंही सगळं नीट आठवत होतं."

 चहा निवला. आतून नर्सच्या चपलांचा आवाज येत-जात होता. त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नळ्या चुकलेल्या नाहीत."

"तुला काय..." म्हणता म्हणता मी थांबले. ते वाक्य मला एकदा महागात पडलं होतं.

"मावशीच्या ऑपरेशनच्या दिवशी," तो खालच्या आवाजात सांगू लागला, "मी सकाळी दुकान उघडलं, असेल ते विकलं आणि धावत इथे आलो. रोज एक चमचा दही बाजूला काढून ठेवायचं असतं. ते विसरलो. आठ दिवसांनी भांडं बघतो तर घासून पालथं घातलेलं. चाळीस वर्षांचं विरजण माझ्या हातून मोडलं. मग वाटी घेऊन समोर गेलो आणि त्यांच्याकडून चमचाभर मागून आणलं. मावशीला सांगायची हिंमत नाही झाली. तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही."

 तो काउंटर पुसत होता तो पहिला दिवस आठवला.

"गप्प बसला असतास तर कुणालाही कळलं नसतं," मी म्हणाले. "सगळं माझ्यावरच आलं असतं."

"म्हणूनच." त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "तुझी वही चुकलेली मला चालणार नाही. आणि... तू मला आवडतेस."

हॉस्पिटलच्या त्या पांढऱ्या उजेडात, फिनेलच्या वासात, मला कुणी असं काही सांगेल हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. माझे कान गरम झाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"एकदाच आलंय," मी वहीकडे बघत म्हणाले.

"माहीत आहे. पेन्सिलने लिही."

मी खरोखर लिहिलं. तारीख घालून.

परिषदेत मी सतराने काय केलं नाही ते सांगितलं. सगळी बाटलीची गोष्ट, समासातल्या 'नंतर'सकट. लोक हसले, पण वाईट हसले नाहीत, आणि दोघं तिघं मागाहून येऊन आपापल्या बाटल्या मला सांगून गेले. सतरा आणि बावीस एकाच मुळाचे आहेत हे आता मला माहीत होतं. सरांना म्हटलं, दुकानदाराकडून कळलं, पण नावगाव कुठे यायला नको. त्यांनी मान डोलावली आणि माझे बाकीचे नमुने फेकण्यापासून वाचले. त्यांतल्या नऊ नंबरने, आम्ल मारूनही, पेशींची वाढ किंचित मंद केली. किंचितच. पण तीनदा, आणि दर वेळी नव्या पाण्याने. ते का होतं हे त्याच्या जनुकांत शोधायला आणखी काही वर्षं जातील. हे मी आता कुठल्याही काउंटरवर जाऊन सांगत नाही.

त्याने दुसऱ्यांदा सांगितलं ते मी परिषदेहून आले त्या दिवशी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, माझ्या हातात दुधाची पिशवी देताना, ओठही धड न हलवता. मागच्या बाईंनी त्याला पुन्हा दूध मागितलं तेव्हा तो भानावर आला.

तिसरी वेळ मात्र येईना. आठवडा गेला, दोन गेले. मी रोज जायची, आणि तो साय, पातेली, हवापाणी यांवर बोलायचा. शेवटी मीच निर्लज्जपणे विचारलं, प्रयोग बंद पडला का?

"मावशीचा रिपोर्ट आल्यावर," तो म्हणाला. "आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही. अशा हाताने केलं तर बिघडेल."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी तो मला फार, फार आवडला.

सहावा डोस झाला. महिन्याने तपासणी झाली. रिपोर्ट आला त्या दिवशी मी लॅबमधून दुपारीच सटकले आणि दुकानात पोचले, तर मावशी स्वतः काउंटरवर. रुमाल काढलेला, डोक्यावर बोटभर नवे केस, आणि येईल त्याला मागेल त्याहून जास्त दही वाढत होत्या. सध्या कुठे काही दिसत नाही, तीन महिन्यांनी परत दाखवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मावशींनी ते मला चार वेळा सांगितलं, दर वेळी डॉक्टरांच्या आवाजात. मी पाचव्यांदाही ऐकलं असतं.

संध्याकाळी गर्दी ओसरली. तो आतून आला, हात पुसले, शर्टाची बाही खाली केली आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"तू मला आवडतेस," त्याने मावशींच्या देखत, स्वच्छ आवाजात सांगितलं. "तीन झाले."

मी पिशवीतून पेन काढलं. शाईचं पेन नेमकं चालेना. मी ते झटकलं, थेंब त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाले. "मलाही," मी म्हणाले. "माझं किती वेळा झालंय ते मी मोजलेलंही नाही." त्याच्या गालाला खळी पडली, त्या एकाच.

मावशींनी आमच्याकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला, आणि मग त्यांची नजर काउंटरवरच्या मोठ्या भांड्यात गेली. आम्हीही वाकून पाहिलं. भांडं रिकामं होतं. आनंदाच्या भरात त्यांनी शेवटचा चमचासुद्धा वाढून टाकला होता आणि आमच्या दोघांच्याही काही लक्षात राहिलं नव्हतं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"असा बघतोस काय?" मावशी म्हणाल्या. त्यांनी फळीवरची वाटी काढली, फडक्याने पुसली आणि त्याच्या हातात दिली. "मागच्या वेळी गेलास तसाच जा समोर. चमचाभर पुरे."



"तुला... कधीपासून माहीत आहे?" त्याने कसंबसं विचारलं.

"हॉस्पिटलातून घरी आले त्या दिवशी. पहिल्या घासाला." मावशींनी भांडं उचलून बाजूला ठेवलं. "आठ दिवस माझ्या उशाशी बसून होतास तू. विरजणाचं काय घेऊन बसायचं? जा, दूध कोमट आहे तोवर या. आणि हिलाही ने. पुढे एकाला विसरायला झालं तर दुसऱ्याच्या तरी लक्षात राहील."

आम्ही दोघं रस्ता ओलांडून समोर गेलो. वाटी एका हातात होती, आणि त्याचा दुसरा हात माझ्या हातात.